जीवशास्त्र घ्या, पण गणित सोडू नका

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एक ठरलेला हिशेब मांडला जातो. मुलीला जीवशास्त्राची गोडी आहे, म्हणजे ‘नीट’; ‘नीट’ म्हणजे पीसीबी; मग गणिताचं ओझं कशाला? आणि अकरावीच्या प्रवेशातच गणित गळतं. ज्यांना डॉक्टरच व्हायचं आहे, त्यांच्यापुरता हा हिशेब चुकीचा नाही. पण मधुमेह एकाच घरातल्या एका भावाला होतो आणि दुसऱ्याला होत नाही, असं का, हा प्रश्न ज्या मुलांना स्वस्थ बसू देत नाही, त्यांच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकतो. जनुकं आणि रक्तातल्या खुणा तपासून आजाराचा धोका आधीच ओळखण्याचं शास्त्र आज जिथे अडलं आहे, तिथे प्रयोगशाळेतली यंत्रं कमी पडत नाहीत. कमी पडतात ती जीवशास्त्र कळणारी आणि आकड्यांना न घाबरणारी माणसं.

‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2004 साली दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के भरली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरं आतून इतकी वेगळी असू शकतात. युरोपातल्या लोकांवरून ठरवलेली ‘धोक्याची रेषा’ जशीच्या तशी आपल्याकडे लावली, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस ‘तब्येत उत्तम’ असा शेरा घेऊन घरी जातो. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करत आहेत. वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी जास्त, अशी बाळं आपल्याकडे जन्माला येतात, हे या कामातून जगापुढे आलं.

जनुकांच्या बाबतीत ही अडचण आणखी खोल जाते. हृदयविकार किंवा मधुमेह यांसारखा आजार सहसा एका जनुकामुळे होत नाही. डीएनएमधल्या हजारो, कधी लाखो जागांवरचे बारीक फरक थोडा थोडा धोका वाढवतात किंवा घटवतात. प्रत्येक फरकाला वजन देऊन बेरीज केली की माणसाचा ‘जोखीम गुणांक’ निघतो. यातली मेख अशी, की अभ्यासात सापडलेला फरक पुष्कळदा आजाराचं खरं कारण नसतोच, तो कारणाच्या शेजारी असतो. ‘वडाशेजारचं घर’ हा पत्ता एका गावात बरोबर पोहोचवतो. दुसऱ्या गावात वड असतो, पण शेजारी ते घर नसतं. लोकसमूह बदलला की डीएनएमधली ही शेजारवस्तीही बदलते. 2019 साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या एका आढाव्यानुसार अशा अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे 79 टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, आणि जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा आहे 16 टक्के. त्यांच्यावरून काढलेले गुणांक दक्षिण आशियाई लोकांत सरासरी सुमारे 1.6 पटीने, तर आफ्रिकी वंशाच्या लोकांत सुमारे 4.5 पटीने कमी अचूक ठरले. कागदावर किरकोळ वाटणारी ही चूक माणसांपर्यंत कशी पोहोचते, तेही पाहा. हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या एका आनुवंशिक आजाराच्या चाचणीत अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय रुग्णांना ‘तुमच्यात दोष आहे’ असं कळवलं गेलं होतं. ते फरक निरुपद्रवी होते आणि कृष्णवर्णीयांत सर्रास आढळत होते, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांत थोडे जरी कृष्णवर्णीय असते, तरी ही चूक टळली असती.

रक्तचाचण्याही यातून सुटलेल्या नाहीत. एचबीए1सी ही चाचणी आता बहुतेक घरांना ठाऊक आहे. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं. तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनला जितकी साखर चिकटली, त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. पण लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल, तर साखर न वाढताही हा आकडा वर जाऊ शकतो. उलट सिकलसेलच्या आजारात पेशी लवकर फुटतात आणि आकडा फसवा कमी येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलही आहे. तिथल्या बाईचा अहवाल वाचताना 6.5 या मधुमेह ठरवणाऱ्या एका आकड्यावर विसंबून चालत नाही.

मग परदेशी संशोधन टाकाऊ का? मुळीच नाही, आणि या क्षेत्रात येणाऱ्याने हे नीट समजून घ्यायला हवं. केईएम, हैदराबादची सीसीएमबी आणि इंग्लंडमधलं एक्सेटर विद्यापीठ यांच्या 2020 च्या अभ्यासात टाइप 1 मधुमेहाचा युरोपीय गुणांक भारतीय रुग्णांवर पडताळून पाहिला गेला. तो इथेही उपयोगी ठरला, फक्त थोडा कमी अचूक. आपल्याकडे तरुण वयात मधुमेह झाला की तो टाइप 1 की टाइप 2, हे ओळखणं अवघड जातं आणि उपचार त्यावरच ठरतात. परदेशी साधन नाकारायचं नाही आणि डोळे मिटून स्वीकारायचंही नाही, आपल्या माणसांवर घासून पाहायचं. त्यासाठीचा कच्चा माल आता हाताशी येतो आहे. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातल्या 10 हजार भारतीयांच्या जनुकीय माहितीचा साठा जानेवारी 2025 मध्ये संशोधकांसाठी खुला झाला. तो वाचणारी माणसं मात्र महाविद्यालयांतूनच यायला हवीत.

पालक विचारतात, हे सगळं उद्या ‘एआय’ करणार नाही का? गणना यंत्रच करील, यात वाद नाही. पण ज्या माहितीत आपण नाही, त्या माहितीवर शिकलेलं यंत्र तीच चूक अधिक झपाट्याने करतं. ज्या शंभर जणांना ‘तुमचा धोका 20 टक्के’ असं सांगितलं, त्यांच्यापैकी खरोखर वीसच आजारी पडले की पस्तीस, हे वर्षानुवर्षं पाठपुरावा करून कोणीतरी तपासावं लागतं. ते काम संख्याशास्त्र जाणणाऱ्या माणसाचं आहे.

नोकरीची शंका अधिक रास्त आहे आणि तिचं उत्तर गोड करून देणं योग्य नाही. नुसती बायोटेक्नॉलॉजीची बी.एस्सी. करून या क्षेत्रात फारसं काही हाती लागत नाही. या पदवीच्या नावावर भुलून भरलेली मोठी फी अनेक घरांना जड गेली आहे. एम.एस्सी. लागतेच, संशोधन करायचं तर पीएच.डी.ही, म्हणजे बारावीनंतर दहा वर्षं धरून चाला. मात्र त्यातली पीएच.डी.ची वर्षं घरच्या पैशांवर काढावी लागतातच असं नाही. सीएसआयआर किंवा यूजीसीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर 2023 पासून महिना 37 हजार रुपये मिळतात. ज्यांना इतकं लांब जायचं नाही, त्यांच्यासाठी जैवसंख्याशास्त्र आणि बायोइन्फर्मेटिक्स ही वाट आहे. त्यातलं कौशल्य औषध कंपन्यांतही चालतं आणि रुग्णालयांतही. मुंबईच्या आयआयपीएसमध्ये आणि वेल्लोरच्या सीएमसीमध्ये जैवसंख्याशास्त्राची एम.एस्सी. आहे. माणसांशी बोलण्याची हातोटी असेल, तर जेनेटिक कौन्सेलिंगचा विचार जरूर करा. ‘धोका आहे’ म्हणजे नक्की किती, आणि त्यावर काय करता येईल, हे कुटुंबाला त्यांच्या भाषेत सांगणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत. मराठीत ते सांगू शकणारी मुलगी या कामात कोणाच्याही मागे नसेल.

‘नीट’च्या तयारीत गणित अडथळा ठरेल, ही भीती मी हलकी मानत नाही. ताण वाढतो, हे खरं आहे. पण आयसर पुण्यासारख्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित या चारही विषयांना सारखेच गुण असतात, आणि पुढच्या अभ्यासात गणिताची गरज वाढतच जाते. ‘नीट’मध्ये हवा तो नंबर लागला नाही, तर पीसीएमबीवाल्यांपुढे कितीतरी जास्त दारं उघडी राहतात. म्हणून जीवशास्त्राची खरी ओढ असलेल्या मुलाला अकरावीत चारही विषय घेऊ द्या, आणि पहिल्या चाचणीत गणितात कमी गुण पडले म्हणून लगेच विषय बदलून घेऊ नका. ज्यांचं गणित आधीच सुटलं आहे, त्यांना एनआयओएस या मुक्त विद्यालयातून तेवढाच एक विषय घेऊन बारावीच्या पातळीची परीक्षा देता येते. प्रवेशाच्या तारखा या आठवड्यातच पाहून ठेवा.