पत्ता अक्षरांचा नव्हे, वाटेचा : संगणकातील फाइलमार्गाविषयी एक पाठ

शाळेच्या कार्यालयातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही दाखल-खारीज रजिस्टराकडे बोट दाखवू. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जात, गाव आणि शाळा सोडल्याचा दिनांक या पाच-सहा रकान्यांवर पुढे एका कुटुंबाची शिष्यवृत्ती, जात पडताळणी आणि नोकरी अवलंबून राहते. वडिलांच्या नोंदीचा उतारा मुलाला लागतो आणि मुलाचा नातवाला. म्हणूनच या रजिस्टराची पाने जीर्ण होण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे संगणकात साठवण्याचे काम आम्ही हाती घेतले. प्रत्येक पानाची एक फाइल केली, वर्षवार फोल्डर केले आणि नाव सांगताच पान दाखवणारा एक लहानसा प्रोग्राम पायथॉन भाषेत लिहिला.

पुढे कार्यालयातील विंडोजचा संगणक जाऊन लिनक्सचा संगणक आला. सर्व फाइली त्यावर नीट उतरवल्या. त्याच आठवड्यात एक माजी विद्यार्थी मुलाच्या पडताळणीसाठी उतारा मागावयास आले, तेव्हा संगणकाने उत्तर दिले की अशी फाइलच अस्तित्वात नाही. पान होते, नोंद होती, छायाचित्रही होते. चुकला होता तो केवळ पत्ता. उतारा त्यांना मूळ रजिस्टरावरून मिळाला. चूक आमचीच होती, आणि ती समजून घेताना आम्ही जे शिकलो ते या लेखात मांडत आहोत.

फाइलचा मार्ग म्हणजे तिचा पत्ता. आपल्या जिल्ह्यात नुसते ‘देऊळगाव’ म्हटले तर ऐकणारा विचारतो, देऊळगाव राजा की देऊळगाव मही? नुसते ‘जळगाव’ म्हटले तर खानदेशातील जळगाव की आपले जळगाव जामोद, हा प्रश्न उरतोच. राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशा क्रमाने सांगितले की संदेह राहत नाही. हा झाला पूर्ण मार्ग. मेहकरच्या बसस्थानकावर मात्र ‘डोणगाव’ एवढे म्हटले तरी भागते, कारण आपण कोठे उभे आहोत हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. हा झाला सापेक्ष मार्ग. संगणक हेच दोन प्रकार जाणतो.

अडचण येते ती दोन पायऱ्यांमधील खुणेची. युनिक्स आणि त्याच्या वळणावर चालणारे लिनक्स ‘/’ ही तिरपी रेघ वापरतात. एमएस-डॉसच्या १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते, आणि ‘/’ ही खूण आज्ञांना जोडावयाच्या सूचनांसाठी आधीच गुंतलेली होती. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा त्यांच्यासाठी ‘\’ ही उलटी रेघ घ्यावी लागली. तीच पुढे विंडोजमध्ये रूढ झाली. लिनक्सला मात्र उलटी रेघ हे नावातील एक साधे अक्षर वाटते. त्यामुळे आमच्या यादीतील चार पायऱ्यांचा अख्खा पत्ता त्याने एकाच फाइलचे लांबलचक नाव समजून शोधला, आणि अर्थातच त्याला काही सापडले नाही.

या उलट्या रेघेचा आणखी एक खोडसाळपणा आहे. पायथॉनच्या साध्या अवतरणात उलटी रेघ आणि इंग्रजी लहान ‘एन’ यांची जोडी म्हणजे नवी ओळ, ‘टी’ची जोडी म्हणजे टॅबची मोकळी जागा, आणि ‘बी’ची जोडी म्हणजे एक पाऊल मागे. आता निकाल, तालुका आणि बुलढाणा ही फोल्डरांची नावे इंग्रजी लहान अक्षरांत लिहून पाहा. तिन्ही नावांचे पहिले अक्षर गिळले जाते!

मूळ दोष असा की पायथॉनमध्ये दीर्घकाळ मार्ग ही केवळ अक्षरांची माळ मानली जात असे. ती जोडण्या-तोडण्यासाठी ‘ओएस डॉट पाथ’ हा कार्यांचा संच होता. पण विद्यार्थ्याचे नाव आणि फाइलचा पत्ता यांत भाषेच्या दृष्टीने काही भेद नव्हता. दोन तुकडे नुसत्या अधिक चिन्हाने जोडले आणि मधली रेघ विसरली, तरी भाषा काही बोलत नसे. मार्गाला स्वतःचा प्रकार द्यावा, असा विचार जुनाच होता. २००६ साली तसा एक प्रस्ताव पायथॉनच्या प्रमाणित लायब्ररीसाठी आला आणि फेटाळला गेला. त्यात मार्ग हा अक्षरमाळेचाच उपप्रकार केला होता. अक्षरमाळेची सारी कार्ये आणि फाइलींची सारी कार्ये एकाच ठिकाणी कोंबली गेली होती.

२०१२ मध्ये आंत्वान पित्रू यांनी नवा आराखडा मांडला. त्याचे नाव ‘पाथलिब’. यात दोन थर आहेत. पहिला थर शुद्ध मार्गाचा : तो पत्ता वाचतो, जोडतो, त्याचे भाग करतो, पण डिस्कला हात लावत नाही. म्हणून लिनक्सच्या संगणकावर बसूनही विंडोजचा पत्ता विंडोजच्या नियमाने वाचता येतो. दुसरा थर प्रत्यक्ष मार्गाचा : फाइल आहे की नाही पाहणे, ती उघडणे, फोल्डर तयार करणे ही कामे तो करतो. तुकडे जोडण्यासाठी भागाकाराचे चिन्ह योजले, त्यामुळे लिहिलेली ओळच पत्त्यासारखी दिसते. मार्च २०१४ मध्ये पायथॉन ३.४ सोबत पाथलिब प्रमाणित लायब्ररीत दाखल झाली, तीही अनुभवांती बदल करता यावेत म्हणून तात्पुरत्या दर्जाने.

बदलाची गरज लवकरच दिसली. मार्ग हा आता अक्षरमाळ नव्हता. म्हणून फाइल उघडण्याचे जुने कार्यच त्याला स्वीकारीना. प्रत्येक वेळी मार्गाचे पुन्हा अक्षरांत रूपांतर करावे लागे. डिसेंबर २०१६ च्या पायथॉन ३.६ मध्ये ब्रेट कॅनन आणि कूस झेव्हेनहोव्हन यांच्या प्रस्तावानुसार एक सामाईक करार आला : जी वस्तू आपला मार्ग सांगू शकते, तिला सर्व जुन्या कार्यांनी स्वीकारावे. नवी खोली बांधली तरी जुन्या घराचे दार तिच्याकडे उघडेपर्यंत तिचा उपयोग होत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

आम्ही प्रोग्राम पाथलिबने पुन्हा लिहिला. जुनी यादी विंडोजच्या शुद्ध मार्गाने वाचली, तिच्यातील डिस्कचे अक्षर गाळले, आणि उरलेला सापेक्ष मार्ग रजिस्टराच्या मुख्य फोल्डरला जोडला. फाइली सापडू लागल्या.

तथापि मराठी नावांच्या बाबतीत दोन गोष्टी कोणतीही लायब्ररी आपोआप सांभाळत नाही. ‘अंढेऱ्याचे विद्यार्थी’ या नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन खुणांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. म्हणून तुलना करण्यापूर्वी दोन्ही नावे एकाच रूपात आणावीत. दुसरी गोष्ट लांबीची. लिनक्सच्या प्रचलित फाइलव्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, आणि देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त यांसह केवळ ८५ खुणा मावतात. विंडोजवर चाललेले लांब नाव येथे अडते.

विद्यार्थ्यांसाठी सार एवढेच : पत्ता नुसत्या अधिक चिन्हाने जोडू नये, यादीत डिस्कचे अक्षर न लिहिता मुख्य फोल्डरापासूनचा सापेक्ष मार्ग लिहावा, आणि मजकुराची फाइल उघडताना ‘यूटीएफ-८’ हे स्पष्ट सांगावे, नाहीतर विंडोजवर मराठी अक्षरांचा चुथडा होण्याची भीती असते.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती वेगळी आहे. आपल्याकडील दाखले, गुणपत्रिका आणि जुने उतारे मोबाइलमध्ये साठवताना त्यांना नाव द्या, वर्ष घाला आणि एका ठरलेल्या फोल्डरात ठेवा. कागद हरवला तर दुःख होतेच. पण कागद असूनही तो वेळेवर सापडू नये, ही हानी टाळणे आपल्या हाती आहे. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेची पायरी चढले, त्यांच्यासाठी त्या रजिस्टरातील एक ओळ पुढल्या पिढ्यांची वाट उघडते. ती ओळ मागताक्षणी हाती देता यावी, एवढ्यासाठीच आम्ही ही धडपड केली.