साखर कारखान्यातील दुरुस्ती : वहीतून संगणकात

निपाणीचा हालसिद्धनाथ किंवा संकेश्वरचा हिरण्यकेशी सहकारी साखर कारखाना सुरू झाला, की धुराड्यातील धुरावरून गावोगाव ते कळते. त्याआधी उन्हाळ्यापासून चाललेली यंत्रांची दुरुस्ती मात्र फारशी कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ही दुरुस्ती रेंगाळून गाळप अडले, तर तोडलेला ऊस गव्हाणीपुढे वाळतो, वजन घटते आणि तोटा उत्पादकाला सोसावा लागतो.

दुरुस्तीची कामे पूर्वापार वहीत मांडली जातात. ती संगणकातील प्रकल्प-व्यवस्थापन प्रणालीत उतरविताना वहीतील तारखा जशाच्या तशा भरण्याचा मोह होतो. तारीख भरली की पुष्कळ प्रणाली ते काम त्या दिवसाशी जखडून ठेवतात. मग उसाच्या गिरणीचे रोलर कार्यशाळेतून आठ दिवस उशिरा आले, तरी पडद्यावरील पुढची कामे जागची हलत नाहीत. असल्या तक्त्यापेक्षा वहीच बरी!

तारखेऐवजी प्रत्येक कामाला किती दिवस लागतात आणि ते कोणत्या कामानंतरच सुरू होऊ शकते, एवढे भरावे. उदाहरणार्थ बॉयलर घ्या. आधी नळ्यांची सफाई व बदल, मग पाण्याच्या दाबाची चाचणी, मग निरीक्षकाचे प्रमाणपत्र. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला, तरी प्रमाणपत्राची अट कायम आहे. त्यानंतर वाफ, आणि वाफेवाचून टर्बाइनची चाचणी नाही. अशा साखळ्या जोडल्या म्हणजे सर्वांत लांब साखळी कोणती, हे प्रणाली स्वतःच दाखविते. अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीने १९५० च्या दशकाअखेरीस ही रीत लुइव्हिल येथील कारखान्याच्या दुरुस्तीस लावली, तेव्हा यंत्रे बंद ठेवण्याचा काळ १२५ तासांवरून ९३ तासांवर आला.

सीमाभागात आणखी एक अडचण संभवते. एकच पंप एका वहीत मराठी नावाने, दुसरीत कन्नड नावाने नोंदलेला असतो. संगणक त्यांना दोन पंप समजतो. यास्तव प्रत्येक यंत्राला आधी क्रमांक द्यावा. हंगामातील रोजचे वंगण, तपासणी यांसारखी न संपणारी कामे या साखळीत गुंफू नयेत. त्यांची नोंद स्वतंत्र ठेवावी.

तयार झालेला तक्ता छापून फोरमन व फिटर यांच्यापुढे ठेवावा. कोणते काम कशावाचून अडते, हे त्यांना तोंडपाठ असते.