पुराला वाट द्यावी कीं न द्यावी?

नदीच्या दोन्ही तीरांवर उंच तटबंध घातले म्हणजे पुराचें भय नाहींसें झालें, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तटबंधानें पाणी कमी होत नाहीं. तें अरुंद जागेंत कोंडलें जातें व उंच चढतें. पूर्वीं जें पाणी कोसभर पसरून गुडघाभर उभें राही, तेंच आतां दोन भिंतींमधून पुरुषभराहून उंच वाहूं लागतें. अशा नदीस असाधारण पूर आला तर बांध कोठें तरी फुटणार हें जवळजवळ निश्चित. कोठें फुटेल एवढेंच अनिश्चित. तें दैवावर न सोडतां मनुष्यानेंच एक जागा आधीं नेमावी, वेळ येतांच तेथील बांध उघडावा, आणि पाणी शेतांतून फिरवून खालच्या अंगास पुनः नदींत सोडावें, ह्या योजनेस आपण पूरवाट म्हणूं. तिनें शहरें वांचतात आणि शेतें बुडतात. हा सौदा जमीनधारकानें कोणत्या अटींवर पत्करावा, हें समजण्यास अमेरिकेंतील मिसिसिपी नदीचें उदाहरण फार उपयोगी आहे, म्हणून तें येथें सविस्तर देतों.

प्रथम वाईट उदाहरण पाहूं. १९२७ सालीं ह्या नदीस महापूर आला. नदीच्या मुखाकडील न्यू ऑर्लिन्स हें मोठें व्यापारी शहर घाबरून गेलें. तेथील पेढीवाल्यांनीं व इतर वजनदार गृहस्थांनीं राज्यसरकारची संमति मिळविली आणि ता. २९ एप्रिल १९२७ पासून शहराच्या खालच्या बाजूस कारनार्व्हन येथील बांध सुरुंग लावून फोडविला. सेंट बर्नार्ड व प्लॅकमिन्स हे दोन परगणे पाण्याखालीं गेले आणि सुमारें १०,००० लोक बेघर झाले. भरपाईचें वचन दिलेलें होतें. परंतु दाव्यांची छाननी त्याच शहरवाल्यांच्या हातीं राहिली, आणि निर्वासितांना जें अन्न व निवारा दिला त्याचा खर्चसुद्धां भरपाईच्या रकमेंतून कापून घेण्यांत आला. ज्यांचा चरितार्थ दलदलींतील मस्क्रॅट नांवाच्या केसाळ प्राण्याच्या कातड्यावर चाले, त्यांच्या पदरीं तर फारच थोडें पडलें. दुर्दैवाची गोष्ट ही कीं, वरच्या अंगास ठिकठिकाणीं बांध आपोआप फुटत होते व त्यामुळें शहरावरील भार हलका होणारच होता. सुरुंग लावला नसता तरी शहर वांचलें असतें.

ह्या प्रकरणांत दोष बांध उघडण्यांत नव्हता. केव्हां उघडावयाचा, कोणाच्या जमिनीवर, कोणत्या मोबदल्यावर व कोणाच्या हुकुमानें, ह्यांपैकीं एकहि गोष्ट आधीं लिहून ठेविलेली नव्हती. पूर दारांत आल्यावर जो तोल केला जातो, त्यांत ज्याची वट मोठी त्याचेंच पारडें जड होतें.

पुढील वर्षीं, म्हणजे १९२८ सालीं, अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें पूरनियंत्रणाचा कायदा केला. ओहायो नदी जेथें मिसिसिपीस मिळते त्या संगमावर केरो नांवाचें शहर आहे. (लिहिण्यांत नांव मिसरदेशाच्या राजधानीचेंच आहे, उच्चार मात्र तेथील लोक असा करितात.) संगमाखालीं पश्चिम तीरावर, मिझुरी राज्यांत, सुमारें १,३०,००० एकर काळीभोर सपाट जमीन ह्या कायद्यान्वयें पूरवाट म्हणून नेमण्यांत आली. तिचें नांव बर्ड्‌स पॉइंट–न्यू मॅड्रिड पूरवाट. लांबी सुमारें ३५ मैल, रुंदी ३ पासून १० मैल. नदीच्या कडेला पुढील बांध आणि कांहीं मैल मागें दुसरा बांध अशी रचना असून, मधल्या पट्ट्यांत एरवीं नित्याप्रमाणें शेती चालते. पुढील बांधाचे ठराविक भाग मुद्दाम कमी उंचीचे ठेविलेले आहेत; वेळ आली कीं तेच फोडावयाचे.

माझें सारें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेल्यामुळें अशा योजनेंत माझी नजर बांधाच्या आधीं दस्ताकडे जाते. सरकारनें ही जमीन खरेदी केली नाहीं. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. सरकारनें जमीनधारकांकडून केवळ तिच्यावर पाणी सोडण्याचा कायमचा हक्क विकत घेतला आणि त्याची नोंद करविली. आपल्याकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांत दुसऱ्याच्या पाटाचा किंवा वाटेचा हक्क दाखल असतो, त्यांतलाच हा प्रकार. मोबदला एकदांच मिळाला, तोहि त्या काळच्या भावानें. हक्क मात्र जमिनीबरोबर चालत राहिला. वारसांवर व पुढील खरेदीदारांवर तो तसाच बंधनकारक झाला. पूरवाट १९३७ च्या जानेवारींत एकदां उघडली, आणि नंतर ७४ वर्षें ती वेळ आली नाहीं. १९६५ च्या कायद्यानें पुढील बांध अधिक उंच करण्याची व उघडण्याची खूण वर नेण्याची तजवीज झाली, त्यामुळें भय आणखीच दूर गेल्यासारखें वाटलें. एवढ्या काळांत दोन पिढ्या उलटतात. लोक घरें बांधतात, पाटचाऱ्या खणतात, यंत्रें आणतात, आणि आजोबानें काय लिहून दिलें हें नातू विसरून जातो. कागद मात्र विसरत नाहीं.

२०११ च्या एप्रिलांत ओहायोच्या खोऱ्यांत अतोनात पाऊस झाला. सांगलीकडील वाचकांस आयर्विन पुलावरील फुटांची पट्टी परिचित आहे. ४५ फूट हा आंकडा ऐकतांच तेथें सामानाची बांधाबांध सुरू होते. केरो येथेंहि तशीच पट्टी आहे. तेथें पाणी ६० फुटांवर पोंचून चढतेंच राहील असें दिसलें, तर पूरवाट उघडावयाची, असा लेखी नियम होता. निर्णयाचा अधिकार मिसिसिपी नदी आयोगाचे अध्यक्ष मेजर जनरल मायकेल वॉल्श ह्यांच्याकडे होता. मिझुरी राज्यानें न्यायालयांत धांव घेतली. ता. २९ एप्रिल रोजीं जिल्हा न्यायालयानें सरकारच्या बाजूनें निकाल दिला आणि ता. १ मे रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि हात घालण्याचें नाकारलें. इकडे केरो येथें जमिनींतून वाळूचे उमाळे फुटूं लागले होते. बांधाच्या पोटाखालून दाबाचें पाणी वाळू घेऊन आंतल्या बाजूस वर येतें, त्याचा हा प्रकार. बांध वरून शाबूत दिसत असतां पायाखालून पोखरला जात असल्याची ही खूण आहे. केरो गांव रिकामें करविण्यांत आलें. पूरवाटेंतील सुमारें ९० घरांतील सुमारें २०० माणसें आधींच बाहेर काढलीं होतीं. बांधांत पुरलेल्या नळांतून पातळ स्फोटक द्रव्य भरण्याचें काम विजा चमकूं लागल्यामुळें मध्यें थांबवावें लागलें. ता. २ मे रोजीं पट्टीवर ६१.७ फूट पाणी झालें आणि त्या रात्रीं दहाच्या सुमारास बांध उडविण्यांत आला. आंत शिरलेलें पाणी पुनः नदींत जावें म्हणून पुढील तीन दिवसांत खालच्या टोंकाकडे आणखी दोन ठिकाणीं बांध फोडले. केरोचें पाणी उतरूं लागलें.

आतां तोलाचा विचार करूं. मिझुरीच्या बाजूचें म्हणणें वरवर पाहतां सबळ होतें. २०१० च्या शिरगणतींत केरोची वस्ती अवघी २,८०० च्या घरांत होती. गांव गरीब, निम्में ओसाड पडलेलें. एवढ्यासाठीं सव्वा लाखाहून अधिक एकर उत्तम जमीन बुडवावी काय? मला हा हिशेब दोन कारणांनीं चुकीचा वाटतो. केरोची पट्टी ही मापाची जागा आहे. पाण्याचा दाब एकट्या केरोवर नसून संगमाच्या वरखालीं इलिनॉय, केंटकी व मिझुरी ह्या तिन्ही राज्यांच्या बांधांवर होता. त्यांतील कोणता बांध केव्हां गेला असता, हें कोणीहि सांगूं शकलें नसतें, आणि जो बांध मध्यरात्रीं आपण होऊन फुटतो तो कोणासहि पूर्वसूचना देत नाहीं. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. गांव गरीब म्हणून त्याचें मोल कमी धरावयाचें, तर १९२७ च्या पेढीवाल्यांनीं जें केलें तेंच बरोबर ठरतें. ६० फुटांची खूण गरीब गांवास व श्रीमंत शहरास सारखीच लागू पडते. तिचा खरा गुण हाच.

तरीहि शेतकऱ्याचें नुकसान केवळ एका हंगामाचें, असें जें शहरांतून सांगतात तें मला मान्य नाहीं. उभा गहूं तर गेलाच. पुष्कळ शेतांत पाणी ओसरल्यावर त्याच उन्हाळ्यांत सोयाबीन पेरतां आलें, हेंहि खरें. परंतु जेथें पाणी बांध फोडून वेगानें आंत शिरलें, तेथें खोल डोह पडले, नवे ओहोळ कोरले गेले, आणि वरची सुपीक माती वाहून जाऊन पलीकडे वाळूचे थर बसले; निचऱ्याचे चर गाळानें बुजले. असें शेत पूर्ववत् करणें एका वर्षाचें काम नव्हे. ह्याच दृष्टीनें सुरुंगापेक्षां दरवाजे बरे. त्याच मे महिन्यांत, ता. १४ रोजीं, लुइझियाना राज्यांतील मॉर्गान्झा येथील पूरवाट उघडली. तेथें १२५ दरवाजे आहेत. त्यांपैकीं फक्त १७, तेहि हळूहळू, उघडले. दरवाजा गरजेपुरता उघडतां येतो व पुनः लावतां येतो. सुरुंगानें उडविलेला बांध मात्र पुढला पूर येण्यापूर्वीं नव्यानें बांधावा लागतो, आणि तोंवर शेतकरी उघडा पडतो.

ह्या सर्व प्रकरणांत मला सर्वांत अधिक खटकते ती पिनहुक ह्या लहानशा गांवाची गोष्ट. तें पूरवाटेच्या आंत होतें. १९४० नंतरच्या काळांत कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबें तेथें वसलीं, कारण त्यांना इतरत्र जमीन कोणी देईना. जी सखल, पुराच्या हक्कानें बांधलेली होती, तीच त्यांच्या वांट्यास आली. २०११ च्या पाण्यांत गांव गेलें आणि त्या जागीं पुनः वसलें नाहीं. हक्काचा मोबदला मूळ मालकांनीं त्यांच्या आधीं केव्हांच घेतला होता.

आपल्या कृष्णेवर अशी पूरवाट नाहीं. २०१९ सालीं सांगलीस पाणी ५७ फुटांवर गेलें तेव्हां तें आपल्याच वाटेनें शहरांत व शेतांत शिरलें. आपल्याकडे निळी व लाल अशा पूररेषा आंखतात. पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्याची लाल. ह्या रेषा बांधकामास अटकाव करितात. जमीनधारकाशीं करार करीत नाहींत. उद्यां कोणी आपल्या मळ्यावर पाणी सोडण्याचा हक्क मागूं लागला, तर दस्तांत कोणतीं कलमें आहेत तें सही करण्यापूर्वीं पाहिलें पाहिजे. पाणी कोणत्या पट्टीवर किती फूट झाल्यावर सोडणार, व किती तास आधीं कळविणार? मोबदला एकदांच मिळणार, कीं जेव्हां जेव्हां पाणी सोडतील तेव्हां पिकाचा वेगळा? वाळू काढण्याचा व चर मोकळे करण्याचा खर्च कोणाकडे? बांध किती मुदतींत पुनः उभा करणार? नव्या खरेदीदारास हा बोजा उताऱ्यावर स्पष्ट दिसेल अशी नोंद होणार काय? आणि जमीन खंडानें कसणाऱ्याचें उभें पीक व त्याचें झोंपडें ह्यांचा पंचनामा कोणाच्या नांवें होणार, हें कलम मालकानेंच आग्रहानें घालून घ्यावें. कारण सहीच्या वेळीं खंडकरी कचेरींत हजर नसतो.