मूळव्याध : कापायची, ओढून घ्यायची की लेझरनं जाळायची?

आमच्या चुडावा गावात मूळव्याधीबद्दल चारचौघांत कुणी बोलत नाही. मोड बाहेर आलेला माणूस वर्षानुवर्षं गुपचूप सोसतो आणि शेवटी 'बिनटाका, बिनदुखी, लगेच घरी' अशी भिंतीवरची जाहिरात वाचून नंबर फिरवतो. माझं ऑपरेशन नांदेडला झालं. त्यातून जे कळलं ते लिहितो.

१. आधी आपली पायरी विचारा. नुसतं रक्त जातं ती पहिली. कुंथताना कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो ती दुसरी. बोटानं आत ढकलावा लागतो ती तिसरी आणि ढकलूनही आत राहत नाही ती चौथी. पहिल्या दोन पायऱ्यांना बहुतेक वेळा ऑपरेशन लागतच नाही.

२. दुखणं कुठं असतं ते समजून घ्या. गुदद्वाराच्या आत साधारण दोन सेंटिमीटरवर एक रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला टोचलेलं फारसं कळत नाही, खालच्या कातडीला मात्र सगळं कळतं. वरच्या कोंबाला रबरी बँड लावून तो गाळता येतो, तो याच कारणानं. बाहेरची लोंबती कातडी कापायची म्हटलं की दुखणं आलंच. बिनदुखीचा दावा करणाऱ्याला एकच विचारा : बाहेरच्या भागाचं काय करणार?

३. जुनी पद्धत म्हणजे मागास पद्धत नव्हे. मिलिगन आणि मॉर्गन या लंडनच्या सर्जननी १९३७ साली मांडलेली पद्धत अशी : कोंब कापायचे, शीर बांधायची आणि जखम उघडी ठेवायची. दोन जखमांच्या मधे चांगल्या कातडीची पट्टी राखावी लागते, नाहीतर भरताना मार्ग आकसतो. भरायला चार-सहा आठवडे जातात.

स्टेपलर इटलीच्या लोंगो यांनी १९९८ साली पुढं आणला. त्यात कोंब कापत नाहीत. वरच्या अस्तराचं एक कडं काढून सगळं वर ओढून घेतात. सुरुवातीला दुखणं कमी, यात वाद नाही. पण ब्रिटनमध्ये ७७७ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या आणि निकाल २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन वर्षांनी पाहिलं तर कापलेल्यांमध्ये त्रास कमी परतला होता, आणि खर्चही त्यातच कमी. डॉपलरनं धमनीचा आवाज ऐकून ती शिवण्याची आणि लेझरनं कोंब आतून आकसवण्याची पद्धतही आहे. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला त्या बऱ्या.

मला सर्जननी सरळ सांगितलं, "काका, तुमची चौथी आहे. लेझर करून देईन, पण बाहेरचं तसंच राहील आणि पुन्हा याल." मी कापून घेतलं. चौथ्या पायरीला माझं मत आजही तेच आहे.

४. सुश्रुतांनी या रोगाला औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितलेत. त्यामुळं क्षारसूत्राला, म्हणजे क्षार लावलेल्या दोऱ्यानं कोंब बांधण्याला, हसू नका, पण ते शिकलेल्या वैद्याकडूनच करून घ्या. एका खोलीत बसून कोंबात कसलंतरी इंजेक्शन मारणाऱ्याच्या वाटेला मात्र जाऊ नका.

५. खरी परीक्षा पहिल्या शौचाला असते. भीतीनं माणूस खाणं सोडतो, मग खडा होतो आणि जखमेवरून काच गेल्यासारखं होतं. रात्री इसबगोल, दिवसभर पाणी, भाकरीबरोबर पालेभाजी. शौचानंतर प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी घेऊन बसायचं. पाण्यात डेटॉल ओतू नका, साधं पाणी पुरतं. पहिल्या रात्री लघवी अडली तर घाबरू नका, नर्सला सांगा. भुलीच्या कमरेतल्या इंजेक्शननंतर असं होतं. आठवडा-दीड आठवड्यानं एकदम जास्त रक्त गेलं तर मात्र रात्र आहे, सकाळी बघू, असं म्हणत पहिल्या गाडीची वाट पाहत बसू नका. तसंच दवाखाना गाठा.

६. ऑपरेशन संपलं की कुंथणं संपत नाही. शौचाला मोबाइल घेऊन बसायची सवय पोरांनीच नाही, आम्हीही लावून घेतली आहे. ती सोडा.

७. रक्त गेलं म्हणजे मूळव्याधच, असं स्वतः ठरवू नका. आतड्याच्या कर्करोगातही रक्तच जातं. पंचेचाळिशी उलटली असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाची सवय बदलली असेल, तर कुठलंही ऑपरेशन ठरवण्याआधी डॉक्टरांना बोटानं तपासू द्या आणि दुर्बिणीची तपासणी लागेल का ते विचारा.