लढाऊ विमानांचा नाद : एक श्रवणाभ्यास

इतिहास आपण वाचतो, क्वचित पाहतो. ऐकत मात्र नाही. शिलालेखाचे ठसे निघतात, नाण्यांचे वजन होते, बखरींच्या प्रती ताडून पाहिल्या जातात. पण ज्या काळाचा आपण अभ्यास करतो त्या काळाचा आवाज कसा होता, हा प्रश्न आपल्या परीक्षेत कधी येत नाही. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या इंजिनांचा आवाज हा माझ्या आवडीचा विषय आहे. केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावी राहून ही आवड कशी जडली, असे मित्र थट्टेने विचारतात. प्रस्तुत लेखात त्या थट्टेला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. हा आवाज नेमका कशाचा बनतो, आपल्या मराठवाड्याशी त्याचा काय संबंध आहे आणि शस्त्राच्या आवाजावर प्रेम करावे काय, असे तीन प्रश्न मी येथे घेतले आहेत.

ठोक्यांचा सूर कसा होतो?

आरंभ पिठाच्या गिरणीपासून करू. आपल्याकडे गिरणीवर किंवा विहिरीवर असणारे जुने, संथ चालीचे डिझेल इंजिन एका सिलिंडरचे असे. ते मिनिटाला साडेसहाशे फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एक या हिशेबाने सेकंदाला पाच-साडेपाच स्फोट होतात. इतके ठोके कान सुटे सुटे ऐकतो; म्हणून ते 'पुक्-पुक्' असे वाटते. हेच ठोके सेकंदाला वीसच्या पलीकडे गेले की कानाला ते वेगळे करता येत नाहीत. ते एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा सूर होतो. लय वाढता वाढता स्वर बनते, हे संगीताच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे.

आता स्पिटफायर आणि हरिकेन या विमानांत बसवलेले रोल्स-रॉइस कंपनीचे मर्लिन इंजिन घ्या. बारा सिलिंडर, सहा-सहांच्या दोन ओळी, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी मांडणी, एकूण क्षमता २७ लिटर. चार-ठोकी इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे बारा सिलिंडरांचे एका फेऱ्यात सहा स्फोट झाले. मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे, म्हणजे सेकंदाला ३०० स्फोट. हार्मोनियमवर हा स्वर मध्य सप्तकातल्या पांढरी दोनच्या किंचित वर येतो. वैमानिकाने इंजिन २००० फेऱ्यांवर आणले की स्फोट २०० होतात, आणि स्वर मंद्रातल्या पांढरी पाचच्या किंचित वर उतरतो. २०० आणि ३०० यांचे प्रमाण दोनास तीन, म्हणजेच षड्ज आणि पंचम! संथ चालीवरून पूर्ण जोरावर जाताना मर्लिन सा-पासून प-पर्यंत चढत जाते, असे म्हणण्यास हरकत नाही.

पण नुसता एक सूर म्हणजे नाद नव्हे. त्या सुराखाली पंख्याचा घोष असतो. आरंभीच्या मर्लिनमध्ये पंखा इंजिनाच्या निम्म्याहून थोड्या कमी वेगाने फिरे; तीन पात्यांचा पंखा पूर्ण वेगात असला की हवेला सेकंदाला सत्तरएक तडाखे बसत. हा झाला खर्ज. सुराच्या वर सुपरचार्जरची शीळ असते. विरळ हवेतही इंजिनाला पुरेशी हवा मिळावी म्हणून तिला दाबून आत ढकलणारे हे चक्र मिनिटाला पंचवीस हजारांवर फेरे घेई. शिवाय धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या आखूड असत आणि आवाज दाबण्याची कसलीही सोय त्यांना नसे. उलट, त्या धुराच्या झोताने विमानाला थोडा जादा रेटा मिळावा अशीच त्यांची रचना होती. म्हणून जे ऐकू येते ते आवरण नसलेले, उघडे इंजिन.

घराणी

गायकीप्रमाणे इंजिनांचीही घराणी आहेत. मर्लिनचा थोरला भाऊ ग्रिफन. सिलिंडर बाराच, पण क्षमता ३६.७ लिटर. तो उलट्या दिशेने फिरतो आणि त्याचा आवाज अधिक घोगरा आहे. नंतरच्या स्पिटफायरमध्ये हेच इंजिन होते. डोळे मिटून मर्लिन कोणते आणि ग्रिफन कोणते हे सांगणारे शौकीन इंग्लंडात पुष्कळ आहेत. तेथे १९५७ पासून हवाई दलाचीच एक तुकडी महायुद्धकालीन विमाने उडती ठेवीत आली आहे, आणि लोक ती जितकी पाहावयास तितकीच ऐकावयास जमतात.

दुसरे घराणे ताराकृती इंजिनांचे. त्यात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडलेले असतात, आणि त्यांना थंड ठेवण्याचे काम पाणी नव्हे तर वारा करतो. हॉकर टेंपेस्टच्या दुसऱ्या प्रकारात ब्रिस्टल कंपनीचे सेंटॉरस इंजिन होते. अठरा सिलिंडर, नऊ-नऊंची दोन कडी, शक्ती सुमारे २५०० अश्वशक्ती. एका फेऱ्यात नऊ स्फोट. मिनिटाला २७०० फेऱ्यांवर सेकंदाला ४०५. त्यात नेहमीच्या झडपांऐवजी सरकत्या नळकांड्या असल्याने झडपांची खडखड नसे. उरे तो भरीव, जाड घोष.

हार्वर्ड या शिकाऊ विमानाची गोष्ट निराळी. त्याचा कर्कश फाटका आवाज इंजिनाचा नसून मुख्यतः पंख्याचा आहे. नऊ फूट व्यासाचा दोन पात्यांचा पंखा थेट इंजिनाच्या दांड्यावर बसवलेला. २२५० फेऱ्यांना पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ३२३ मीटर वेगाने फिरते. ध्वनीचा वेग ३४० ते ३५० मीटर. पात्याचे टोक त्या वेगाच्या इतके जवळ गेले की हवा किंचाळते.

आणि दोन इंजिनांचे डाकोटा, जे लढाऊ नव्हे तर वाहतुकीचे विमान. त्याच्या दोन इंजिनांचे फेरे तंतोतंत जुळलेले नसले की आवाज 'वाँव्-वाँव्' असा हेलकावतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना जी लहर ऐकू येते, तीच ही. वैमानिक ही लहर संथ होत होत थांबेपर्यंत फेरे जुळवी. म्हणजे तोही आपल्या परीने तानपुरा लावीत असे.

डोक्यावरून जाणारी मींड

विमान जवळ येताना स्वर चढा आणि दूर जाताना उतरता लागतो, हे डॉप्लरचे तत्त्व आपण शाळेत शिकलो. त्याचा हिशेब मांडून पाहावा. विमानाचा वेग ध्वनीच्या एक-तृतीयांश, म्हणजे ताशी सुमारे ४१५ किलोमीटर धरू. स्पिटफायरला हा वेग सहज साधे. समोरून येताना मूळ स्वराच्या दीडपट कंपने कानावर पडतात आणि दूर जाताना पाऊणपट. मूळ स्वर षड्ज मानला तर दीडपट म्हणजे मध्य सप्तकातला पंचम, आणि पाऊणपट म्हणजे मंद्र पंचम. म्हणजे विमान पंचम लावीत येते, पंचम लावीतच जाते, मध्ये पुरे सप्तक ओलांडते; आणि त्याचा खरा षड्ज त्या मींडेत निमिषभर लागून निसटतो. वैमानिकाला स्वतःला तो सतत ऐकू येत असतो. खाली उभ्या असलेल्या माणसाला तो धरून ठेवता येत नाही. एकाच आवाजाचे दोन अनुभव आहेत, वरच्याचा आणि खालच्याचा. हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

ऐकणे ही गरज होती

हा शौक होण्यापूर्वी ती निकड होती. रडार येण्यापूर्वी इंग्लंडच्या किनाऱ्यावर काँक्रीटच्या प्रचंड वाट्या उभारण्यात आल्या होत्या. समुद्रावरून येणाऱ्या विमानांचा आवाज त्यांत गोळा करून ऐकत. विमानांचा वेग वाढला, आवाज ऐकू येईपर्यंत विमानच डोक्यावर येऊ लागले, आणि त्या वाट्या निरुपयोगी ठरल्या. तरी कानांचे काम संपले नाही. रात्री किंवा ढगाआड गेलेले विमान आपले की परके, हे कानानेच ताडावे लागे.

इंजिनाचा आवाज मधेच तुटणे यालाही अर्थ होता. आरंभीच्या मर्लिनमध्ये विमानाने एकदम नाक खाली घातले की कार्बुरेटरचे इंधन विस्कळीत होई आणि इंजिन उचकी देई. जर्मन इंजिनांत इंधन थेट फवारले जाई, म्हणून त्यांना ही अडचण नव्हती. बीट्रिस शिलिंग या महिला अभियंत्याने १९४१ मध्ये एक लहानशी छिद्राची चकती बसवून ही उचकी बरीचशी थांबवली. कित्येक वैमानिकांचे प्राण त्या चकतीने वाचवले असतील.

एक ध्वनिमुद्रण येथे सांगण्यासारखे आहे. १९ मे १९४२ च्या रात्री बी.बी.सी.चे लोक इंग्लंडातल्या एका बागेत नाइटिंगेल पक्ष्याचे गाणे प्रक्षेपित करावयास गेले होते. त्याच वेळी जर्मनीतील मॅनहाइम शहरावर निघालेली बाँबफेकी विमाने वरून जाऊ लागली. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून प्रक्षेपण थांबवले, पण मुद्रण चालूच राहिले. एकाच तबकडीवर पक्षी गातो आहे आणि शेकडो इंजिने घोंगावत आहेत. पक्षी थांबत नाही. युद्धावरील एखाद्या ग्रंथात जे सापडत नाही ते त्या तबकडीत आहे.

आपल्या आकाशात

आता आपल्याकडे वळू. महायुद्धात हिंदी हवाई दलाच्या नऊ स्क्वाड्रनांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवर काम केले. त्यांची हरिकेन आणि पुढे स्पिटफायर विमाने तेथल्या रानांवर फिरली. मुंबईत १९२० साली जन्मलेले हृषिकेश मुळगावकर त्या आघाडीवर लढले, काश्मीरच्या लढाईतील कामगिरीबद्दल महावीरचक्राचे मानकरी झाले आणि १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलाचे प्रमुख होते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला उतरलेली सेना डाकोटांनी नेली, आणि पाठोपाठ स्पिटफायर आणि टेंपेस्ट तेथे गेली.

पण मराठवाड्याला हा आवाज सप्टेंबर १९४८ मध्ये भेटला. तेव्हा आपला सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गमार्गे आत शिरले. १४ तारखेला ते उमरग्याहून राजेश्वरकडे निघाले असता वाटेवर दबा धरून बसलेल्या फौजेवर टेंपेस्ट विमानांनी हल्ले चढवले आणि रस्ता मोकळा केला. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. हैदराबाद संस्थानाजवळ लढाऊ विमाने नव्हती. त्यामुळे त्या पाच दिवसांत आकाशात लढाऊ विमान घोंगावले तर ते कोणाचे, याविषयी खाली संशय नसे. तो आवाज सेंटॉरसचा, अठरा सिलिंडरांचा होता. आणखी एक योगायोग असा, की त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भारतात पहिली व्हँपायर जेट विमाने आली. जेटमध्ये सुटे स्फोट नाहीत, अखंड ज्वलन आहे. म्हणून त्यात मोजता येणारा ठोका नाही. पंख्याच्या लढाऊ विमानांचा काळ मावळत असताना मराठवाड्याने त्यांचा आवाज ऐकला.

आवडीची कसोटी

येथेच तिसरा प्रश्न उभा राहतो. एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाच्या घरी तो घोष मुक्तीची वार्ता म्हणून ऐकला गेला असेल. दुसऱ्या एखाद्या घरी दार लावून, मुलांना पोटाशी धरून तो ऐकला गेला असेल. त्या दिवसांत आणि त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध माणसेही मारली गेली, ही नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली आहे. ती हत्या विमानांनी केली नाही. पण त्या सप्टेंबरचे सारे आवाज आठवणीत एकत्रच राहतात. विमानाचा षड्ज वरच्याला ऐकू येतो, खालच्याला नाही, असे मी वर म्हटले ते याच अर्थाने.

तेव्हा या आवाजाची आवड सोडून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. तलवारीची मूठ पाहून तिच्या कारागिराला दाद देणारा रक्ताला दाद देत नसतो. पण त्याने रक्त विसरू नये. जो इंजिनाचा सूर ओळखतो, त्याने तो सूर खाली कोणी आणि कसा ऐकला हेही विचारले पाहिजे. एवढे केले नाही तर आपली आवड म्हणजे नुसता खेळ होईल.

पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर आणि टेंपेस्ट आहेत. ती पाहता येतात, ऐकता येत नाहीत. लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयातले टेंपेस्टही एके काळी भारतीय हवाई दलात होते. तेही मूकच आहे. यंत्र जपले गेले, आवाज गेला. तो अजून एका ठिकाणी शिल्लक आहे, आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या कानांत. १९४८ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीकडे झुकला आहे.

म्हणून आपल्या इतिहास मंडळापुढे एक सूचना ठेवतो. या दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने आपापल्या गावातील एका वृद्ध व्यक्तीकडे जावे आणि चार गोष्टी विचारून वहीत उतरवाव्यात : त्या पाच दिवसांत आकाशात काही ऐकले काय, ते कशासारखे वाटले, घरातले मोठे लोक तेव्हा काय म्हणाले, आणि आवाज गेल्यावर सर्वांनी काय केले. उत्तर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत लिहावे. 'काही ऐकले नाही' असे उत्तर आले तर तेही लिहावे. पन्नास गावांची पन्नास पाने झाली, तरी मराठवाड्याच्या इतिहासाला आजवर नसलेले एक साधन मिळेल.