ओमानचा रेएम



आधुनिक हिब्रूत ओरिक्स नावाच्या हरणाला 'रेएम' म्हणतात. तनाखमधील रेएम म्हणजे बहुधा रानबैल असावा, असे पंडितांचे मत आहे. तो वाद सध्या बाजूला ठेवू. आपल्याकडच्या काळवीटाच्या गोत्रातला हा प्राणी अंगाने पांढराशुभ्र, पायांनी काळसर व शिंगांनी भाल्यासारखा लांब. बाजूने पाहिल्यास दोन शिंगे एकच भासतात. पाण्यावाचून तो महिनोन्‌महिने राहू शकतो, कारण समुद्रावरून येणाऱ्या धुक्याचे दंव झाडपाल्यावर साचते व तेच त्याला पुरते.

ओमानमधील जिद्दत-अल-हरासीस या खडकाळ पठारावर ऑक्टोबर 1972 मध्ये शेवटचे रानटी ओरिक्स शिकाऱ्यांनी मारले. मोटारी आणि बंदुका यांपुढे चपळ पाय काय करणार?

सुदैवाने दहा वर्षे आधीच काही शहाण्या माणसांनी सोय करून ठेवली होती. 1962 मध्ये एडनच्या पूर्वेकडील वाळवंटातून काही ओरिक्स पकडले गेले. त्यांतले तीन, लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचा एक, कुवेतचा एक व सौदी राजाचे चार, असे नऊ प्राणी अमेरिकेतील फिनिक्स येथे जमले. तेथील हवा कोरडी, म्हणून ती जागा. पुढे कळप वाढला, त्याच्या शाखा इतरत्र गेल्या.

सुलतान काबूस यांच्या आज्ञेने 1980 पासून हे प्राणी ओमानात यालूनी येथे आणले गेले. आता मुख्य मुद्दा. पिंजऱ्यात वाढलेले जनावर नुसते दार उघडून सोडता येत नाही. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्यांना मोठ्या कुंपणात एकत्र ठेवून त्यांचा कळप जमू द्यावा लागतो. कोण पुढे चालणार, कोण मागे, हे त्यांचे त्यांनाच ठरवावे लागते. मगच 31 जानेवारी 1982 रोजी पहिले दहा प्राणी मोकळे झाले. राखणीला त्याच पठारावरचे, उंट-शेळ्या पाळणारे हरासीस लोक नेमले. माझ्या मते सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच.

1994 मध्ये युनेस्कोने त्या अभयारण्यास जागतिक वारसा मानले. 1996 पर्यंत 450 ओरिक्स झाले आणि त्याच वर्षी चोरटे पुन्हा आले. या वेळी मारण्यास नव्हे, तर जिवंत पकडून धनिकांच्या खासगी संग्रहांना विकण्यास! त्यात माद्या जास्त जात, म्हणजे कळपाचे मूळच उखडले जाई. 2007 पर्यंत 65 उरले. तेलशोधासाठी सरकारने अभयारण्य नव्वद टक्क्यांनी कमी केले, तेव्हा युनेस्कोने त्याचे नाव यादीतून काढले. असे इतिहासात प्रथमच घडले.

तरी प्राणिसंग्रहालयांतील वंश शिल्लक होता, व इतर देशांतही ओरिक्स सोडले गेले होते. म्हणून 2011 मध्ये त्याची धोक्याची श्रेणी एका पायरीने सौम्य झाली.

आपल्या इस्राएलातही 1978 साली अमेरिकेहून ओरिक्स हाय-बार योत्वाता येथे आले आणि 1997 पासून ते मोकळ्या रानात सोडले गेले. दिमोना-यरुहामची आपली मंडळी एलातला जाताना अरावाच्या रस्त्याने जातात. बाभळींच्या सावलीत पांढरे काही उभे दिसले, तर मुलांना ते जरूर दाखवावे.