मोडक्या लाकडाची अळंबी : हस्तव्यवसायाचा एक पाठ

पावसाचे चार दिवस नीट झाले, की पांढुर्णा-सौंसरच्या रानात वारुळांच्या आसपास रातोरात पांढऱ्या छत्र्या उगवलेल्या दिसतात. कोणी त्यांस सात्या म्हणतात, पुस्तकांत अळंबी किंवा भूछत्र असे नाव आढळते. वारुळातली अळंबी हलक्या हाताने खणून पाहिली, तर तिचा दांडा खाली खाली जात थेट वाळवीच्या घरापर्यंत पोहोचलेला असतो. वाळवी चघळलेल्या लाकूड-पाल्याचा चोथा रचते, त्यावर ही बुरशी वाढते, आणि ती बुरशी वाळवीचे अन्न होते. अर्थात अळंबीचा जन्म मेलेल्या लाकडातूनच. तेव्हा टाकाऊ लाकडाची शोभेची अळंबी करावी, ही कल्पना मुळीच वेडगळ नव्हे.

मी सुतार नव्हे. माझा विषय विज्ञान. परंतु शिक्षणशास्त्राच्या वर्गात असताना हस्तव्यवसाय शिकावा लागला, आणि पुढे शाळेत तो विषय कोणी घेईना म्हणून माझ्या गळ्यात पडला. १९३७ साली येथून फार दूर नसलेल्या वर्ध्यास शिक्षण परिषद भरली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली, हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यातला अर्थ मात्र करवत हाती आल्यावर कळला. लाकडाला रेघ असते, हे मुलाला दहा वेळा सांगून कळत नाही. एकदा उलट बाजूने पटाशी मारून ढलपी उडाली, की जन्मभर कळते.

आपल्या भागात लाकडी वस्तूचे कौतुक पोळ्याच्या सुमारास दिसते. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून तोरणाखाली नेतात. कोकणात सावंतवाडीची लाकडी फळे प्रसिद्ध आहेत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची ती फळे इतकी हुबेहूब, की पाहुण्याचा हात फसतो. जर्मनीतल्या झायफेन या खाणकामगारांच्या गावी कथलाच्या खाणी आटल्यावर लोक चरकावरच्या खेळण्यांकडे वळले. आणि लाकडी अळंबी तर युरोपात घरोघर असे. ती शोभेची नव्हे, मोजे रफू करण्याची. मोज्याच्या आत अळंबी सारायची, भोकावर तिची गुळगुळीत टोपी आणायची आणि वर सुईने ताणाबाणा भरायचा. आमची अम्मी हेच काम उडालेल्या विजेच्या दिव्यावर करीत असे. आमच्या मुलींनी केलेली पहिली अळंबी मी तिलाच दिली, तेव्हा ती म्हणाली, "इतकी वर्षं कुठं होता हा शोध?"

आता लाकडाविषयी, कारण सगळा खेळ तेथेच आहे. छकड्याचे मोडके जू, वखराचा तुटका दांडा, पाडलेल्या घराच्या चौकटीचा तुकडा, हे सर्व चालते. अशा लाकडाचा मोठा गुण हा, की ते वर्षानुवर्षे वाळलेले असते. साग नवशिक्यास बरा. मऊ आहे, पण रेघेवर पटकन चिरतो आणि त्याच्या धुळीने काहींच्या नाकाला खाज येते. चाकाचा तुंबा बहुधा बाभळीचा. त्यावर लहान मुलाने चाकू चालवूच नये, तो कातारीच्या चरकासाठी ठेवावा. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या पातळ असल्यामुळे या कामाच्या नाहीत. टोच्याने टोचून पाहावे; टोच्या लोण्यासारखा आत गेला तर लाकूड कुजले आहे, ते चुलीकडे पाठवावे. लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत, नाहीतर करवतीचे दात जातात.

दोन लाकडे मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नयेत. पहिले रेल्वेचे जुने स्लीपर. नागपूर-छिंदवाडा लहान गाडीचा मार्ग २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाला, तेव्हापासून सौंसरकडे रेल्वेच्या जुन्या सामानाविषयी सर्वांना कुतूहल आहे. परंतु लाकडी स्लीपर कीड लागू नये म्हणून क्रिओसोट तेलात मुरवतात. ते कातडीला व फुप्फुसाला घातक. दुसरे, जुन्या तैलरंगाची दारे-खिडक्या. जुन्या रंगात शिसे भरपूर असे. घरगुती रंगात दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम आपल्या देशात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग काचकागदाने घासला, की शिशाची धूळ मुलांच्या पोटात जाते. रंग दिसला की तुकडा बाजूला.

कृती अशी. २ इंच चौरस व ७ इंच लांब तुकडा घ्यावा, रेघ लांबीकडे असावी. यातली ३ इंचच अळंबी होणार. उरलेले ४ इंच धरण्यासाठी. हे चार इंच मला फार महाग पडले. पहिल्या वर्षी मी मुलांना तीन इंचाचेच तुकडे दिले, ते त्यांनी मुठीत धरले, आणि एका मुलाच्या तळव्यात चाकू गेला. टाके पडले. चूक त्याची नव्हती, माझी होती. तेव्हापासून मूठ लांब ठेवायची, शक्यतो शिकंज्यात आवळायची, आणि हात पात्याच्या मागे. चाकूला धार हवी. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोरानेच तो घसरतो.

टोकावर कर्ण आखून मध्य काढावा, वर्तुळ काढावे, चारही कोपरे रंध्याने तासून अष्टकोन करावा. टोकापासून १ इंचावर सभोवार रेघ मारून तेथे करवतीने अर्धा इंच खोल काप द्यावा. वर टोपी, खाली दांडा. आता मुठीच्या बाजूने कापाकडे तासत जावे. ढलपी कापापाशी आपोआप थांबते, टोपीला इजा होत नाही. दांडा बुडाशी किंचित जाड राहू द्यावा, खऱ्या अळंबीचाही असतो. टोपी घडवताना कडेकडून माथ्याकडे, आणि तिच्या पोटात कडेकडून दांड्याकडे कापावे. सर्वत्र नियम एकच : जाडीकडून बारीकीकडे. पोटातल्या झालरी तिकोनी कानशीच्या धारेने ओढाव्यात. मुले येथे घाई करतात आणि कड उडवतात, उडू द्यावी. चावलेली कड असलेली अळंबी उलट खरी दिसते. काचकागद झाल्यावर शेवटी मूठ कापून टाकावी.

रंगाविषयी माझे मत जरा आग्रही आहे. चित्रांत पाहून मुलांना लाल टोपीवर पांढरे ठिपके हवे असतात. ती अळंबी थंड मुलखातल्या भोजपत्र व चीड वृक्षांच्या पायथ्याशी होते आणि विषारी असते. त्यामुळे मुलांच्या मनात लाल ती विषारी, पांढरी ती निर्धोक असे समीकरण बसते, आणि ते जीवघेणे आहे. अतिशय विषारी अळंब्यांपैकी कित्येक पांढऱ्याशुभ्र असतात. जाणत्याखेरीज रानातली अळंबी कोणी खाऊ नये, हे मी याच तासाला सांगतो. लाकूड मी लाकूडच ठेवतो. फार तर टोपीला गेरू, आणि वर जवसाचे तेल. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते, चिंध्यांच्या ढिगात ती कोंडते, आणि काडी न लावता आग लागते. चिंध्या दोरीवर मोकळ्या वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाने संत्र्याचे ओंडके आणले. आजोबांनी लावलेली बाग वाळत चालली म्हणून घरच्यांनी झाडे काढली होती. लाकूड सुरेख, पिवळसर, घट्ट. त्याने त्यातून केलेली अळंबी वर्गात सर्वांत देखणी झाली, आणि महिनाभरात टोपीपासून दांड्यापर्यंत उभी तडकली. लाकूड ओले होते, आणि मी ते ओळखूनही त्याच्या उत्साहापुढे गप्प बसलो. वाळताना लाकूड वर्तुळांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्याच्या दिशेने आकसते. गाभा मध्ये असलेला गोल ओंडका म्हणून फाटतोच. मुलगा काही बोलला नाही, पण आजोबांना ती दाखवायची राहून गेली होती.

उरलेले ओंडके आम्ही दोघांनी गाभ्यातून उभे चिरले, दोन्ही टोकांना वितळलेले मेण लावले म्हणजे टोके घाईने वाळणार नाहीत, आणि हवेशीर सावलीत, फळ्यांमध्ये काड्या घालून त्यांच्या माळ्यावर रचले. प्रत्येकावर त्याने खडूने तारीख घातली आहे. आजोबा दर महिन्याला एक तुकडा काट्यावर घालतात. वजन उतरायचे थांबले, की निरोप धाडणार आहेत.